माशांना देवी आली

महेंद्र कुठे नोकरीला आहे, हे सांगताना त्याच्या घरच्यांची नेहमी पंचाईत व्हायची. माशांचा डॉक्टर म्हटलं की ऐकणारा हसायचा, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, मासे खोकतात का? डॉक्टर तर तो नव्हताच. मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन तो नौपाड्यातल्या 'तळेमित्र' नावाच्या संस्थेत लागला होता. संस्थेचं ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. गाल धरून जिन्याशी बसलेल्या पेशंटांच्या समोरून जो माणूस पाण्याने भरलेल्या पिशवीत मासा घेऊन वर जायचा, तो महेंद्र. टिटवाळ्यापलीकडच्या बारा गावांची तळी त्याच्याकडे होती. तळ्यात बीज किती सोडायचं, खाद्य काय घालायचं, मासे मरायला लागले तर काय करायचं, हे सगळं तो गावोगाव फिरून सांगायचा. माणूस हुशार होता, कष्टाळूही होता. फक्त आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

डिसेंबर सरता सरता खडकोळीहून राघोचा फोन आला. राघो साठीचा, गावतळं त्याच्या मंडळाकडे होतं आणि मंडळ म्हणजे तोच. मासे वर येऊन कडेला पडून राहतात, अंगावर लाल फोड आहेत, एवढंच तो म्हणाला आणि फोन ठेवला. महेंद्र कल्याणहून स्कूटर काढून गेला. कडेच्या पाण्यात मृगळ आणि रोहू निपचित तरंगत होते. कुणाच्या कुशीवर रुपयाएवढा लाल चट्टा, कुणाचं शेपटाजवळचं मांस खोल खाल्लेलं, एका मरळीची तर कवटी उघडी पडलेली. त्याने दोन मासे पिशवीत घेतले. ऑफिसात येऊन व्रणाच्या कडेचं मांस काचेवर चिरडलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मांसाच्या आत शिरलेले बुरशीसारखे जाड धागे स्पष्ट दिसले. तांबड्या व्रणांचा रोग. थंडीत पाणी गार झालं की हा जोर धरतो, पाण्यातून, जाळ्यातून, आजारी माशातून पसरतो आणि एकदा शिरला की अर्धंअधिक तळं रिकामं करतो. माणसाला तो होत नाही, पण असा मासा विकत कोण घेणार?

औषध महाग नव्हतं. चुना दहा वाटे आणि हळद एक वाटा कालवून तळ्यात टाकायची, मेलेले मासे लांब खड्ड्यात पुरायचे, आणि तळ्यातली जाळी, बादली, मासा काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. अडचण औषधाची नव्हती, राघोची होती. रोगाचं निदान गावाने महेंद्रच्या आधीच करून टाकलं होतं. माशांना देवी आली होती.

आता, देवी आली की औषध करायचं नसतं, हे खडकोळीत शेंबड्या पोरालाही माहीत. देवी ही पाहुणी. तिला औषध देणं म्हणजे पाहुणीला दार दाखवणं, आणि मग ती चिडते. महेंद्रने बुरशी समजावली, मोबाइलवर धाग्यांचा फोटो दाखवला, शेजारच्या जिल्ह्यातल्या तळ्यांची उदाहरणं दिली. राघोने सगळं मन लावून ऐकलं आणि शेवटी म्हणाला, बरोबर हाय, देवी अशीच धाग्याधाग्यानं येते. वीस मिनिटं घसा कोरडा केल्यावर महेंद्रने शेपूट घातलं. निदान त्या दिवशी त्याला ते शेपूट घालणं वाटलं नाही, युक्ती वाटली.

"बरं, देवी तर देवी," तो म्हणाला. "देवीला हळद वाहतात ना, राघोबाबा? मग हिला जरा जास्त वाहा. दोन पोती चुन्यात मिसळून वाहा. चुनापण लागतो हिला."

राघोचा चेहरा उजळला. एवढा शिकलेला माणूस अखेर मार्गावर आला, याचं त्याला समाधान वाटलं असणार.

त्यानंतर जे झालं ते पाहून महेंद्र चाट पडला. चुना आणि हळद संध्याकाळच्या आत पाण्यात गेली. संस्थेच्या वीस पोस्टरांनी जे कधी जमलं नव्हतं, ते एका देवीने केलं. तळ्यात कुणी जाळं टाकेना, कुणी गुरं धुवेना, कुणी काठावर चप्पल घालून फिरकेना. राघोच्या घरात तर फोडणी बंद झाली. देवी घरात असताना तेलाचा चुरका उडवायचा नाही हा जुना नेम. तो माणसाच्या देवीचा की माशाच्या, असा फरक कुणी केला नाही. राघोची बायको उकडलेली भाजी वाढायची आणि राघो मुकाट खायचा. आठव्या दिवशी माशांच्या जखमा भरू लागल्या. महेंद्रने अहवालात "स्थानिक समजुतींचा सकारात्मक वापर" असं लिहिलं, महिन्याच्या बैठकीत सगळा किस्सा रंगवून सांगितला, सगळे पोट धरून हसले, आणि साहेबांनी त्याचं कौतुक केलं. फोडणीचा भाग तर त्याला दोनदा सांगावा लागला.

खडकोळीच्या टेकडीपलीकडे सावरोंडे. तिथे महेंद्रची थोरली बहीण शकू दिली होती. सावरोंड्याचं तळं पंचायतीने अकरा बायकांच्या बचत गटाला तीन वर्षांच्या बोलीवर दिलं होतं, आणि गटाची अध्यक्ष शकू होती. हे तळं बायकांनी घ्यावं ही टूम महेंद्रचीच. शकू आधी नको म्हणत होती. बौद्धवाडीतल्या चार आणि गावातल्या सात बायका एका तळ्यावर नांदतील, यावर तिचा विश्वास नव्हता. पण गटातल्या सगळ्यांत वयस्कर गोदूबाईंनीच, हिला कागद वाचता येतो, हीच अध्यक्ष, असं ठरवून टाकलं, आणि जाळं आणि खाद्य ठेवायच्या काठावरच्या खोलीची किल्ली शकूच्या कमरेला आली. गावातल्या तरुण मंडळाचा त्या तळ्यावर पहिल्यापासून डोळा होता. बायकांना मासे जगवता आले नाहीत तर बोली मोडायची, असं त्यांनी ग्रामसभेत बोलून दाखवलं होतं. पहिली मोठी काढणी होळीला व्हायची होती. म्हणजे होळीपर्यंत मासे जगले तर तळं बायकांचं, नाही तर मंडळाचं. इतका साधा हिशेब होता.

जानेवारीच्या मध्यावर शकूचा फोन आला. ती फार बोलली नाही. मासे वर येतात, अंगावर लाल डाग आहेत, तू ये.

महेंद्र गेला तेव्हा कडेला तीस-बत्तीस मासे तरंगत होते. सूक्ष्मदर्शकाची गरजच नव्हती. बायका काठावर उभ्या होत्या, आणि शकू गुडघाभर पाण्यात उभी राहून मेलेले मासे टोपलीत भरत होती. तिने वर पाहिलं आणि विचारलं, आला कुठून हा रोग? संस्थेच्या फॉर्ममध्येही नेमका हाच रकाना होता, प्रसाराचं कारण. महेंद्रने एकेक कारण तपासायला घेतलं. दोन्ही तळ्यांना जोडणारा ओढा नाही, मध्ये टेकडी. बीज वेगळ्या ठिकाणचं. जाळं गटाचं स्वतःचं, नवं कोरं, अजून पाण्याला नीट लागलंही नव्हतं. मजूर नाहीत, कंत्राटदार नाही. राहता राहिले बगळे. एका तळ्यातला मासा चोचीत धरून दुसऱ्यावर टाकला, असं होऊ शकतं. फार वेळा होत नाही, पण होऊ शकतं. त्याने रकान्यात "पक्षी (संभाव्य)" असं लिहिलं आणि पेन खिशाला लावलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मग गोदूबाईंनी त्याला काठावरच्या करंजाखाली नेलं. तिथे एक मडकं होतं. मडक्याला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, गळ्यात हिरवा खण बांधलेला, बाजूला सुकलेला दहीभात आणि कडुनिंबाचा डहाळा. मडकं चार-पाच दिवसांपूर्वी दिसलं, गोदूबाई म्हणाल्या. आधी बायकांना वाटलं मंडळाच्या पोरांनी करणी केली, त्यावरून दोन दिवस भांडण पेटलं. पण गोदूबाईंनी उन्हाळे-पावसाळे पाहिले होते. त्यांच्या लहानपणी गावात पटकी आली की देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचे आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचे. पुढचं गाव तो आणखी पुढे न्यायचं. ही करणी नव्हती, कुणीतरी देवीची पाठवणी करून ती सावरोंड्याच्या शिवेत आणून सोडली होती. गोदूबाईंचा त्यावर राग नव्हता, रीतच ती. आता त्यांनाही रीत पाळायची होती. मंगळवारी सकाळी त्या नवं मडकं घेऊन पुढच्या वाडीच्या तळ्यावर जाणार होत्या.

महेंद्रने मडक्यात डोकावून पाहिलं. तळाशी थोडं पाणी होतं, आणि पाण्यात चार-पाच खवले. त्याने शकूला चुना-हळद मागवायला सांगितली, स्कूटर काढली आणि टेकडीला वळसा घालून खडकोळी गाठली.

राघोने त्याला चहा दिला. लपवण्यासारखं आपण काही केलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं. उलट पाठवणी किती नीट झाली, हे तो कौतुकाने सांगत होता. दहाव्या दिवशी त्याने फोड अजून ओले असलेले पाच जिवंत मासे निवडले. जिवंतच का? तर मेलेल्या माशावर देवी कशी बसेल? मडक्यात घालून, वाजंत्री न लावता, तो आणि बायको पहाटे टेकडी चढून गेले आणि मासे सावरोंड्याच्या पाण्यात सोडून आले. नदीत का नाही सोडले, असं महेंद्रने विचारलं.

"नदी खाली कल्याणला जाते, दादा. तिथं तुमचंच घर हाय," राघो म्हणाला. "आनि सावरोंड्याचं तळं बायकांचं. देवी बाईच ना? म्हटलं, बायांकडं सुखानं राहील."

महेंद्रने हातातला चहा खाली ठेवला. मग राघोला काय वाटलं कुणास ठाऊक, तो समजावणीच्या सुरात म्हणाला,

"तुम्हीच तर म्हनालेलात, देवी हाय, हळद वाहा. आम्ही वाहिली. मग पाहुनीला बोलवून, जेवू घालून तिला तशीच ठेवायची? पाठवनी करायला नको?"

यात चूक काढायला जागा नव्हती. महेंद्रने देवी म्हटलं ते हळदीपुरतं. राघोने ते शेवटापर्यंत पाळलं. एकदा देवी म्हटल्यावर ती येते कशी आणि जाते कशी हे सगळं आलंच, ते काही महेंद्रच्या सोयीने अर्ध्यावर थांबणार नव्हतं. इतकी साधी गोष्ट वीस मिनिटं बुरशी समजावणाऱ्या माणसाला कळली नव्हती, आणि तिच्यावर त्याने बैठकीत हशा मिळवला होता. परत येताना टिटवाळ्याच्या नव्या टॉवरांपाशी त्याने स्कूटर थांबवली आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. त्याला लाज वाटत होती. शकूला फोन करावा असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा त्याने केला नाही.

मंगळवारी सकाळी तो सावरोंड्याला पोचला तेव्हा अकराच्या अकरा बायका करंजाखाली जमल्या होत्या. नव्या मडक्याला खण बांधून झाला होता, आत पाच मासे सुळसुळत होते. पुढच्या वाडीचं तळं कातकऱ्यांचं होतं, आणि त्या तळ्याशिवाय त्या वाडीकडे दुसरं काही नव्हतं. हे महेंद्रला माहीत होतं, बायकांनाही होतं. पण रीत म्हटली की माणूस फार विचार करत नाही.

मडकं थांबवायचं होतं, यात वादच नव्हता. प्रश्न कसं, एवढाच. वाटेत त्याने एक उपाय योजून ठेवला होता, आणि उपाय पक्का होता. देवीचा कौल मिळाल्याशिवाय पाठवणी करू नये, असं म्हणायचं. होळीपर्यंत तिला इथेच ठेवून शांत करा, रोज चुना-हळद वाहा, मडकं हलवाल तर ती उलटेल. गोदूबाईंनी हे तत्काळ मानलं असतं. पुढची वाडी वाचली असती. रकान्यात बगळे राहिले असते. शकू अध्यक्ष राहिली असती, आणि अध्यक्षाच्या भावानेच रोग आणला हे या जन्मात कुणाला कळलं नसतं. खरं सांगितलं तर यांतलं काहीच राहणार नव्हतं. भावाच्या चुकीची शिक्षा बहिणीलाच होणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. गावात दुसरं काय होतं?

गोदूबाईंनी मडकं डोक्यावर घ्यायला चुंबळ ठेवली. महेंद्र पुढे झाला.

"गोदूमावशी, देवीला..." एवढं त्याच्या तोंडून गेलं. बायका थांबल्या. शकूने त्याच्याकडे चमकून पाहिलं. तिने त्याच्या तोंडून हा शब्द कधी ऐकलेला नव्हता. पुढची सगळी वाक्यं त्याच्या जिभेवर तयार होती, आणि ती त्याला बोलता येईनात.

"ही देवी नाही," तो म्हणाला. "हा बुरशीसारख्या जंतूचा रोग आहे. राघोबाबांना मी देवी म्हणालो, कारण तसं म्हटलं की ते माझं ऐकत होते. मी म्हणालो म्हणून त्यांनी पाठवणी केली. रोग इथे माझ्यामुळे आलाय. हे मडकं पुढे नेलंत तर तो कातकऱ्यांच्या तळ्यात जाईल."

मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. कुणी म्हणालं, हा आपल्याला चुना-हळद सांगतोय आणि रोगही यानेच आणला. कुणी म्हणालं, मंडळाची पोरं बरी. गोदूबाई मात्र विचार करत होत्या. राघोचे मासे देवी गेल्यामुळे बरे झाले नाहीत का, असं त्यांनी विचारलं. महेंद्रने सांगितलं, जखमा आठव्या दिवशी भरायला लागल्या आणि मडकं दहाव्या दिवशी निघालं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले, परत एकदा मोजले, मग चुंबळ डोक्यावरून काढून कनवटीला खोचली आणि मडकं उचलून मेलेल्या माशांसाठी खणलेल्या खड्ड्यात ओतलं. पाच मासे थोडा वेळ मातीत उडत राहिले. बायका ते संपेपर्यंत बघत उभ्या होत्या.

त्यानंतर गोदूबाईंनी शकूपुढे हात केला.

"किल्ली दे, शकू. तुझ्यावर राग नाय माझा. पन भाऊ असा आनि वर किल्लीही तुझ्याकडं, हे गावाला पटायचं नाय. मंडळाला तेवढंच निमित्त होईल."

शकूने कमरेची किल्ली सोडून दिली. ती कुणाशी वाद घालत बसली नाही. चुन्याच्या किती गोण्या लागतील, आज किती, आठ दिवसांनी किती, हे तिने महेंद्रला विचारलं आणि बाकीच्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने परत म्हणून दाखवलं. अर्धे मासे तरी होळीपर्यंत राहतील का, असंही विचारलं. महेंद्र म्हणाला, ऊन तापायला लागलं की रोगाचा जोर ओसरतो, अर्धे राहतील कदाचित. अर्ध्यांवर मंडळ गप्प बसेल की नाही ते मात्र त्याला सांगता येईना.

दुपारपर्यंत दोघं भावंडं चुना कालवत होती. शकूने तोंडाला पदर बांधला होता. बाकीच्या बायका दुसऱ्या काठाला होत्या, आणि तिच्याजवळ फारसं कुणी येत नव्हतं. महेंद्रने तिची क्षमा मागितली. ती घमेलं भरत राहिली. घमेलं रिकामं करून ती काठावर बसली तेव्हाच बोलली.

"असं का म्हणालास तू राघोला? खरं सांग."

"सोपं पडेल म्हणून."

शकूने हाताला लागलेला चुना गवताला पुसला.

"तू दोन वर्षांचा असताना तुला गोवर निघालेला," ती म्हणाली. "कल्याणच्या चाळीत. मी नऊची. सगळ्या चाळीने बाबांना सांगितलं, दगडू, दाराला निंब बांध, एकदा देवी आली म्हण, आम्ही पोराजवळ आळीपाळीने बसतो. बाबा म्हणाले, गोवर आलाय. मग आठ दिवस आपल्या दारात कुणी फिरकलं नाही. नळावर आईला पाण्यालाही शेवटी उभं करायचे. तू तापाने फणफणलेला, बाबा तुला खांद्यावर टाकून दवाखान्यात न्यायचे आणि मी मागून पिशवी घेऊन. एवढा एकच शब्द म्हणायचा होता."

तिने घमेलं परत उचललं आणि गोणीपाशी गेली.

"सोपं बाबांनाही पडलं असतं, महेंद्र."